चार शिडं, दोन बूम

विंडसर्फिंगचं सामान जमवायला लागलं की माणूस आधी शिडांच्या मागे लागतो. किनाऱ्यावर विचारपूसही शिडाचीच होते: "आज काय लावलंय, पाच की सहा?" बूम कुठला, किती लांब, हे कोणी विचारत नाही. माझ्याकडे ४.२, ५.०, ५.८ आणि ६.८ चौरस मीटरची चार वापरलेली शिडं जमली, त्यांच्या मापाचे मास्ट, म्हणजे शिडाचे उभे दांडे, जमले, आणि बूम मात्र उसना. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आलमेडाच्या क्राउन बीचवर नेहमी भेटणाऱ्या एका सत्तरीतल्या गृहस्थांनी त्यांचा जुना ॲल्युमिनियमचा बूम मला वापरायला दिला होता. "सगळ्या शिडांना चालतो," असं ते म्हणाले होते. चालायचाही, पण कसा चालायचा ते पुढे सांगते.

हा खेळ लांबूनच पाहिलेल्यांसाठी थोडं. फळीवर उभा राहिलेला माणूस ज्या आडव्या दांड्याला धरून असतो, तो बूम. शिडाच्या होडीला एकच दांडा पुरतो, कारण तिथलं शीड दोरीने आवरायचं असतं. इथे शीड थेट हातात, आणि वारा कधी डावीकडून तर कधी उजवीकडून. म्हणून शिडाच्या दोन्ही अंगांना बाक दिलेल्या दोन नळ्या असतात. पुढे त्या मास्टला क्लॅम्पने आवळायच्या, मागे शिडाचं टोक त्यांना दोरीने बांधायचं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर या दोघांना १९७० साली या खेळाच्या फळीचं अमेरिकी पेटंट मिळालं, तेव्हाचे बूम सागवानी लाकडाचे असत. आता ते ॲल्युमिनियमचे किंवा कार्बनचे असतात, आणि मागची शेपटी आत-बाहेर सरकवून लांबी कमी-जास्त करता येते. गोव्यात दोना पावलाला मी पहिल्यांदा फळीवर उभी राहिले तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं. तिथे शीड आणि बूम आधीच लावून ठेवलेलं असायचं, आपण फक्त पाण्यात पडायचं.

इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात एकाच शिडावर भागत नाही. एप्रिल ते ऑगस्ट हे वाऱ्याचे महिने. आतली सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला पॅसिफिकवरची गार हवा गोल्डन गेटमधून आत घुसते. पण एकाच दुपारी तीन ठिकाणी तीन तऱ्हा. आलमेडाला बारा-पंधरा नॉट (वाऱ्याच्या वेगाचं माप) आणि उथळ पाणी, ओहोटीला तर फळीखालची फिन चिखलाला लागते. तिथे माझं ६.८. सॅन मटेओच्या कायोटी पॉइंटला, जिथे विमानतळावर उतरणारी विमानं अगदी जवळून जातात, तिथे अठरा-वीस नॉट, म्हणजे ५.८ किंवा ५.०. आणि सॅक्रामेंटो नदीवरच्या शर्मन आयलंडला, समोरच्या माँटेझुमा टेकड्यांवर पवनचक्क्यांची रांग फिरत असते तिथे, पंचवीस नॉट सहज मिळतो. तिथे ४.२. हे आकडे माझ्यासारख्या ५५ किलो वजनाच्या, ५ फूट २ इंच उंचीच्या बाईचे आहेत. ८५ किलोच्या गड्याने प्रत्येक आकड्यात एक-दीड चौरस मीटर खुशाल वाढवावं.

शिडाच्या खालच्या कोपऱ्याजवळ दोन बारीक आकडे छापलेले असतात, सेंटिमीटरमध्ये: एक मास्टच्या बाजूची लांबी आणि दुसरा बूमची. चौरस मीटरचा आकडा ठळक असतो, पण बूम घेताना कामाचा तो हा बारीक. माझ्या चार शिडांवर अनुक्रमे १५२, १६४, १८० आणि १९९ होतं. यावरून "५.० म्हणजे १६४" असा हिशेब मात्र कोणी मांडू नये. लाटांसाठी शिवलेलं ५.० आणि सपाट पाण्यावर पळण्यासाठी शिवलेलं ५.०, यांच्यात पाच-सात सेंटिमीटरचा फरक सहज निघतो, आणि जुन्या काळच्या शिडांना तर याहून लांब बूम लागायचे. आपल्याच शिडावरचं वाचायचं, शेजाऱ्याच्या नाही.

शिवाय छापील आकड्यावर काम संपत नाही. वारा वाढला की शीड मागच्या बाजूला आणखी एक-दोन सेंटिमीटर ताणावं लागतं. शिडाचं टोक बूमच्या शेपटीला आधीच टेकलेलं असेल तर ताणणार कुठे? म्हणून बूम छापील मापापेक्षा दोनेक सेंटिमीटर जास्त उघडायचा. माझ्या ६.८ ला १९९ नव्हे, २०१ लागतो. उसना बूम १५० ते २०० चा होता.

एक सेंटिमीटरची कसली आलीय पंचाईत, असं वाटेल. खरी पंचाईत त्या सेंटिमीटरची नव्हती, बूम पूर्ण उघडण्याची होती. आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्या पूर्ण बाहेर काढल्या की एकमेकींत त्यांचा शिरकाव कमीत कमी उरतो आणि बूम सर्वांत लवचिक होतो. वाऱ्याचा झोत आला की शीड स्वतःचं मागचं टोक पुढे खेचतं. त्या दाबाने दोन्ही नळ्या बाहेरच्या अंगाला फाकतात, बूम तेवढ्यापुरता आखूड होतो, आणि शिडाला नेमकं नको तेव्हा पोट सुटतं. ते पोट मागे सरकतं, सगळा भार मागच्या हातावर येतो, आणि जो झोत फळीला पळवायला वापरायचा तो आपल्याला उताणं पाडायला वापरला जातो. आलमेडाला माझ्या शेजारी शीड लावणाऱ्या एका बाईंनी मला हे जमिनीवरच दाखवलं. मी मास्टपाशी बूम धरून उभी राहिले आणि त्यांनी मागचं टोक धरून पुढच्या दिशेने दाबलं. नळ्या डोळ्यांदेखत फाकल्या. मग तेच त्यांच्या कार्बनच्या बूमवर करून दाखवलं, तर त्याला ढिम्म फरक नाही. बूम विकत घेण्याआधी ही चाचणी प्रत्येकाने करावी, दोन मिनिटांचं काम आहे.

४.२ लावलं की त्याच उसन्या बूमची तक्रार वेगळी. लांबी बसायची, पण नळी जाड. साधारण बूमची पकड २९ मिलिमीटरच्या आसपास असते, बारीक पकडीच्या बूमची २६ च्या आसपास. तीन मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण बोटं पूर्ण वळून अंगठ्याला भेटतात की नाही, हे तिथेच ठरतं. बोटं भेटली नाहीत की आपण जास्त आवळून धरतो, आणि अर्ध्या तासात कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड होतो. लहान हातांच्या माणसांना, म्हणजे बहुतेक बायकांना आणि पोरांना, हे कोणी आपणहून सांगत नाही. दुकानात बूम हातात घ्यावा, डोळे मिटावे आणि फक्त बोटं कुठवर पोचतात ते बघावं.

एवढं झाल्यावर दोन बूम घ्यायचे हे माझ्या मनाने घेतलं. नवऱ्याला ते पटेना.

"अगं, एका वेळी शीड तर एकच लावतेस ना? मग बूम दोन कशाला?"

"तुझ्याकडे बूट किती आहेत?"

"ते वेगळं."

ते वेगळं नव्हतं, पण वाद तिथेच राहिला. खरा प्रश्न पैशांचा होता. नवा कार्बनचा बूम ॲल्युमिनियमच्या दुप्पट-तिप्पट पडतो. दोन्ही कार्बनचे घेणं शक्य नव्हतं, तेव्हा एक कुठला घ्यायचा? एका दुकानातल्या मुलाने सांगितलं, कार्बन लहान शिडांसाठी घ्या, कारण ती जोराच्या वाऱ्यात लावतात. ऐकायला बरोबर वाटतं. माझं मत त्याच्या उलट आहे. एकाच नळीची लांबी दीडपट केली तर तेवढ्याच जोराला ती तिपटीहून जास्त वाकते. म्हणजे वाकण्याचा त्रास लांब बूमला, आणि वजनाचाही, कारण लांब शेपटीतलं वजन हातांपासून दूर असतं. १५५ ला लावलेला ॲल्युमिनियमचा बूम मुळातच आखूड, त्यामुळे कडक. मग कार्बनचे पैसे लांब बूमवर घालावे आणि आखूड बूम स्वस्तातला पण बारीक पकडीचा घ्यावा. हवाईच्या लाटांत सामान मोडून घेणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, त्यांना लहान बूमही कार्बनचा लागतो. कायोटी पॉइंटवरच्या आमच्यासारख्यांना नाही.

शेवटी लहान बूम नवा घेतला, ॲल्युमिनियमचा, १४० ते १९०, बारीक पकडीचा. लांब कार्बनचा वापरलेला, १७० ते २२०. मापांची निवड मुद्दाम अशी की कुठलंही शीड कोणत्याच बूमच्या अगदी टोकाला जाऊ नये: ४.२ लहान बूमच्या पूर्वार्धात बसतं, ५.० त्याच्या मध्यावर, ६.८ लांब बूमच्या मध्याच्या आसपास, आणि ५.८ दोन्हींवर लागू शकतं. मधलं शीड दोन्ही बूमवर बसणं फार सोयीचं, एक बूम बिघडला तरी दिवस फुकट जात नाही.

वापरलेला बूम बघायला गेले तेव्हा बरोबर टॉर्च आणि मोजपट्टी होती. पुढच्या डोक्यात जिथे नळ्या शिरतात तिथे केसाएवढीही भेग चालत नाही, कारण बहुतेक बूम तिथे किंवा हार्नेसच्या (अंगावरचा पट्टा, ज्याच्या आधाराने बूमला लटकतात) दोऱ्या जिथे घासतात तिथे मोडतात. पकडीचं रबर काढून तर बघता येत नाही. मग अंगठ्याने इंचाइंचावर दाबायचं, कुठे मऊ लागतं का ते बघायचं, आणि नाण्याने ठोकत जायचं. चांगल्या कार्बनचा आवाज टणक येतो, आतून थर सुटले असतील तिथे बद्द. दोन्ही बाजूंच्या पिना एकाच आकड्यावर नीट बसतात का, भोकं लांबट झाली आहेत का, हेही तिथेच कळतं. शेपटी पूर्ण बाहेर निघाली, आतून वाळू सांडली, पण नळ्या स्वच्छ होत्या. विकणाऱ्याने एवढी तपासणी शांतपणे होऊ दिली, हेही मला चांगलंच लक्षण वाटलं.

आता सगळ्यात मजेचा भाग. दोन्ही बूमवर बसणारं ५.८ माझ्याकडे होतं, तेव्हा कायोटी पॉइंटला एका स्थिर वाऱ्याच्या दुपारी तेच शीड, तोच मास्ट, तीच फळी घेऊन आधी ॲल्युमिनियमवर आणि मग कार्बनवर गेले. दोन्ही वेळा बूम १८२ ला. लहान बूमसाठी हे माप टोकाकडचं, लांबसाठी आखूड. ॲल्युमिनियमवर साधारण वाऱ्यात काहीच खटकलं नाही, उलट बारीक पकड हाताला सुखाची. पण झोत आला की आधी मागचा हात खेचला जायचा, मग फळी पुढे जायची. त्या दोहोंत एक पोकळ क्षण असायचा, आणि त्या क्षणात मी शीड थोडं उघडून वारा सोडून द्यायचे. कार्बनवर तो क्षण गायब. झोत आला की फळी सरळ पुढे. वेगाचा फरक फार नसावा, दमण्याचा होता: तासाभराने बाहेर आले तेव्हा हात जागेवर होते. मात्र खडबडीत पाण्यावर कार्बनचा कडकपणा कोपरांना जाणवतो, प्रत्येक धक्का वरपर्यंत येतो. ज्यांचे सांधे कुरकुरतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. मी आता ५.८ कायोटीला कार्बनवर आणि आलमेडाला बहुधा ॲल्युमिनियमवर लावते.

या अदलाबदलीत क्लॅम्पकडे लक्ष द्यावं लागतं. मास्ट दोन जाडीचे येतात: बारीक, ज्यांचा बुंधा आतून ३२ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि जाडे, आतून ४८ चे. क्लॅम्प जाड्या मास्टच्या मापाचा असतो आणि बारीक मास्टसाठी त्यात प्लास्टिकची कडी घालतात. माझे तीन मास्ट बारीक, ६.८ चा तेवढा जाडा. एकच बूम होता तेव्हा ती कडी सतत काढ-घाल करावी लागायची आणि वाळूत हरवायची भीती. आता ती लहान बूममध्येच बसलेली असते, ५.८ लांब बूमवर लावायचं तेव्हाच काय ती काढावी लागते. खटका लावताना तळहाताने जोर देऊन बंद व्हायला हवा. सहज बंद झाला तर बूम पाण्यावर हळूहळू खाली सरकत येतो, आणि उडी मारून बंद करावा लागला तर कार्बनच्या मास्टची नळी चिरडते. मास्टवरची वाळू पुसूनच क्लॅम्प लावायचा, नाहीतर तीच वाळू कानशीसारखी चरे पाडते.

उंचीबद्दल पुस्तकी सल्ला असा की फळीवर उभं राहिल्यावर बूम खांद्याच्या आणि हनुवटीच्या मध्ये यावा. शिकताना खांद्याशी ठीक. हार्नेसमध्ये लटकून पळायला लागलं की हनुवटीपर्यंत न्यावा, फळीचं नाक हलकं होतं. माझ्या उंचीला लहान शिडांवर हे सहज जमतं. ६.८ वर मात्र शिडाला बूमसाठी जो काप दिलेला असतो, त्याच्या अगदी तळाशी बूम लावला तरी तो माझ्या नाकाशी येतो. तिथे उंची बदलता येत नाही, म्हणून हार्नेसच्या दोऱ्या बदलल्या: लहान बूमवर २४ इंची, लांब बूमवर २६ इंची. बुटक्या माणसाने मोठं शीड घेताना हा काप कुठून कुठवर आहे ते मोजून घ्यावं. जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं.

दोऱ्यांची जागा शीड बदललं की बदलते, कारण मोठ्या शिडात वाऱ्याचा जोर मास्टपासून जास्त मागे एकवटतो. सुरुवात मास्टपासून बूमच्या एक-तृतीयांशावर. मग वाळूवर शीड वाऱ्यात धरून एका हातावर तोलायचं. जिथे एकाच हाताने ते स्थिर राहतं, त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना दोरीचं एकेक टोक. पाण्यावर मागचा हात ओढला जात असेल तर दोऱ्या मागे सरकवायच्या, पुढचा ओढला जात असेल तर पुढे. बोटभर सरकवलं तरी फरक कळतो. लांब बूमवर माझ्या दोऱ्या ६.८ च्या जागेवरच असतात, ५.८ लावलं तरच थोड्या पुढे सरकतात. लहान बूमवर ४.२ आणि ५.० साठी दोन रंगांच्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या आहेत. ५.८ तिथे लावलं तर अंदाजाने आणखी थोडं मागे.

शर्मन आयलंडला ४.२ वर बूम फक्त १५४ ला असतो आणि तिथे आखूड बूमचं खरं मोल कळतं. नदीचा प्रवाह वाऱ्याच्या उलट येतो तेव्हा पाणी उभं राहतं आणि मी वारंवार पडते. पाण्यात पोहता पोहता शीड वर उचलून वाऱ्याच्या जोराने फळीवर चढायचं, तर बूमची शेपटी आधी पाण्याबाहेर निघावी लागते. शिडाच्या टोकामागे रिकामी शेपटी लोंबत असेल तर ती पाण्यात रुतते आणि ५५ किलोच्या जिवाला ती निघता निघत नाही. वळण घेतानाही तीच पाण्याला लागते. म्हणूनच मोठ्या बूमवर लहान शीड दोरी लांबवून बांधायची युक्ती मला आवडत नाही. शीड लागतं, पण त्याचं टोक हवेत वर-खाली नाचत राहतं आणि मागे नको ती शेपटी उरते.

खाऱ्या पाण्यानंतरची धुलाई कंटाळवाणी, पण चुकवायची नाही. ॲल्युमिनियमला मीठ चढलं की शेपटी आतच घट्ट बसते, मग ती ओढून काढायला दोन माणसं आणि शिव्या लागतात. घरी आल्यावर शेपटी पूर्ण बाहेर काढून पाइपने आतून पाणी सोडते आणि दोन्ही भाग वेगळेच वाळवून ठेवते. तेल लावत नाही, त्याला वाळू चिकटते. काही ॲल्युमिनियमच्या बूमना कार्बनची शेपटी असते. वजन कमी होतं खरं, पण खाऱ्या पाण्यात कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम लवकर गंजतं, तेव्हा असा बूम असेल तर त्याला धुण्यात सूट नाही. शर्मनचं पाणी बहुतेक वेळा गोडं, तिथून आल्यावर फक्त गाळ काढायचा असतो.

आता लेकीला यायचंय. तिच्यासाठी ३.० चं शीड मिळालंय, त्यावर १३१ छापलंय आणि माझा लहान बूम १४० च्या खाली जात नाही. मुलांचे बूम याहून आखूड आणि आणखी बारीक पकडीचे येतात, पण वापरलेले क्वचित विकायला निघतात, कारण एका पोराचा दुसऱ्याकडे परस्परच जातो. दोन-तीन पालकांना सांगून ठेवलंय.